हळू चालणाऱ्यांचं गाव

संधिवात झाला की पहिली गोष्ट काय शिकतो आपण तर लपवायला. मला रुमेटॉइड आर्थ्रायटिस आहे सहा वर्षं झाली, आणि या सहा वर्षांत मी बाटलीचं झाकण दुसऱ्याकडून उघडून घ्यायच्या इतक्या युक्त्या शोधल्यात की विचारू नका, जिना चढताना फोन आल्यासारखं करून मध्येच थांबायचं, लग्नात खाली बसायची वेळ आली की कुणाचं तरी बाळ मांडीवर घेऊन खुर्चीवर बसायचं. वय चव्वेचाळीस, दिसायला धडधाकट, त्यामुळे लंगडले की लोक विचारणार काय झालं पडलीस का, आणि मग ते सगळं पुराण सांगत बसायचं. म्हणून लपवायचं. हे आधी सांगतेय कारण पुढे स्लोव्हाकियातल्या पियेश्त्यानी या गरम पाण्याच्या कुंडांच्या गावाबद्दल जे लिहिणारे ते याच्याशिवाय कळणार नाही.

आम्ही मूळचे पुण्याचे, गेली काही वर्षं स्लोव्हाकियात नित्रा या शहरात राहतो. इथे जॅग्वार लँड रोव्हरचा कारखाना आहे, 2018 ला सुरू झाला, मालकी टाटांची, त्याला पार्ट पुरवणाऱ्या एका कंपनीत नवरा आहे. इथली थंडी माझ्या सांध्यांना अजिबात मानवली नाही. सकाळी उठल्यावर तासभर बोटं वळायची नाहीत, कणिक मळणं बंद, केस विंचरणं लेकीकडे. औषधं चालू होती, आठवड्याची मेथोट्रेक्सेटची गोळी, त्याने आजार ताब्यात होता पण कडकपणा जाईना. शेवटी माझ्या इथल्या संधिवाताच्या डॉक्टरांनी सांगितलं की औषधं बंद करायची नाहीत पण जोडीला तीन आठवडे पियेश्त्यानीला जाऊन या. मी म्हटलं म्हणजे काय स्पा का? मला वाटलं मेणबत्त्या लावून मसाज करतात तसलं काहीतरी. त्या म्हणाल्या नाही हो, हॉस्पिटल समजा, फक्त औषधाच्या जागी चिखल.

आमच्या इन्शुरन्समध्ये ते बसत नव्हतं, खर्च खिशातून, त्यामुळे दोन महिने घरात चर्चा. शेवटी नवराच म्हणाला जा, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी त्याने मला गाडीने सोडलं, नित्र्याहून तासाभराचा रस्ता.

गाव नदीवर आहे. नदीचं नाव वाह. लिहिताना वाह, बोलताना शेवटचा ह जरा घशातून काढतात, वाख असं ऐकू येतं, पण मला ते नाव वाचल्याबरोबर आपलं वाहणं आठवलं आणि मग तीन आठवडे मी तिला वाहच म्हणत राहिले. स्लोव्हाकियातली सगळ्यात लांब नदी ही, चारशे किलोमीटरच्या वर, खाली कोमार्नोला डॅन्यूबला मिळते. पियेश्त्यानीत तिच्या मुख्य पात्राच्या आणि एका फाट्याच्या मध्ये एक बेट तयार झालंय, त्याला कुपेल्नी ओस्त्रोव म्हणतात, स्नानाचं बेट म्हणा. गरम पाणी तिथेच जमिनीतून येतं, 67 ते 69 डिग्री, गंधकाचं. गाव या काठाला, उपचार त्या बेटावर, आणि मध्ये पूल.

त्या पुलाच्या तोंडाशी एक पुतळा आहे. पुरुष आहे, अंगावर विशेष कपडे नाहीत, आणि तो गुडघ्यावर आपली कुबडी मोडतोय. बार्लोलामाच. बार्ला म्हणजे कुबडी, म्हणजे कुबड्यामोड्या. गावाच्या चिन्हातसुद्धा हाच बाबा आहे, इथल्या वेफर बिस्किटांच्या पुड्यावर हाच, म्युनिसिपालिटीच्या कागदावर हाच. आपल्याकडे गावांच्या चिन्हात किल्ला असतो, वाघ असतो, तलवार असते, इथे एक आजारी माणूस आहे जो बरा होतोय. मी बॅग खाली ठेवून त्याच्याकडे बघत उभी राहिले आणि मला एकदम रडू आलं, नवरा घाबरला, म्हणाला दुखतंय का, म्हटलं नाही चल.

पहिल्या दिवशी डॉक्टरांची तपासणी. आणि इथे पहिला हिरमोड झाला. रक्त तपासलं तर सूज दाखवणारा सीआरपी थोडा वर. त्या म्हणाल्या गरम चिखल लगेच नाही, सांधे आतून तापलेले असताना वरून उष्णता दिली तर आजार भडकतो, चार दिवस थांबू, परत रक्त बघू. मी एवढे पैसे भरून आले आणि चार दिवस नुसता हलका व्यायाम, कोमट पाण्यात हातपाय हलवणं आणि हाताला इलेक्ट्रिक करंट. तेव्हा राग आला होता, आज वाटतं त्या बाईंनी बरोबर केलं. संधिवाताच्या लोकांनी हे लक्षात ठेवा, गरम कुंडात बसणं सगळ्यांना सगळ्या वेळी चालत नाही, आधी रक्त तपासा.

त्या चार दिवसांत मी गाव बघितलं. म्हणजे बघावंच लागलं, दुपारनंतर काही नसायचं.

या गावाचा पहिला लेखी उल्लेख 1113 सालचा आहे, झोबोरच्या मठाच्या सनदेत. झोबोर म्हणजे आमच्या नित्र्याची टेकडी, माझ्या किचनच्या खिडकीतून दिसते, त्यामुळे मला उगाच माहेरचं कुणी भेटल्यासारखं वाटलं. आणि एवढं जुनं असून या गावाला शहराचा दर्जा कधी मिळाला तर 1945 ला, म्हणजे आठशे वर्षं हे खेडंच होतं. लोक मात्र लांबून यायचे. वेर्नहर म्हणून एकाने 1549 मध्ये इथलं वर्णन लिहून ठेवलंय, तेव्हा बांधलेलं काही नव्हतं, नदीकाठी खड्डे खणायचे, त्यात गरम पाणी साचायचं, त्या चिखलात बसायचं. नदीला पाणी चढलं की खड्डे गेले, उतरलं की परत खणायचे. मला हे वाचून आमची आजी आठवली, ती गुडघ्यांसाठी दरवर्षी वज्रेश्वरीला जायची, तिथेही तानसा नदीच्या काठाला गरम कुंडं, आणि ती सांगायची पावसाळ्यात नदी कुंडात शिरते, मग नुसतं गार पाणी. माणसं सगळीकडे सारखीच हो. दुखणं घेऊन नदीकाठी जाऊन बसतात.

1813 ला वाहला मोठा पूर आला आणि इथली स्नानगृहं गेली. मग जागेचे मालक एरड्योडी नावाचे सरदार होते त्यांनी 1820 च्या दशकात पक्की बांधली, त्यांना अजून नेपोलियन स्नानगृहं म्हणतात, पिवळसर भिंतींची बैठी इमारत आहे, अजून उभी आहे.

पण आज जे पियेश्त्यानी दिसतं ते एका घराण्याने उभं केलं, विंटर. 1889 ला अलेक्झांडर विंटरने एरड्योडींकडून हे सगळं भाड्याने घेतलं आणि पुढे त्याच्या मुलांनी, मुख्यतः ल्युडोविटने, बेटावर 1912 ला थर्मिया पॅलेस हे मोठं हॉटेल आणि त्याला जोडून इर्मा हे स्नानगृह बांधलं. राजेमहाराजे यायला लागले. अल्फोन्स मुखा हा चित्रकार, त्याची मुलगी इथे उपचार घ्यायची, त्याने काढलेलं मोठं चित्र थर्मियाच्या डायनिंग हॉलमध्ये आहे. पण मला विंटर आवडला तो श्रीमंतांमुळे नाही. पहिल्या महायुद्धात, 1916 ला, याच लोकांनी जखमी सैनिकांसाठी प्रो पात्रिया म्हणून वेगळी इमारत बांधली, गरिबांनाही उपचार परवडले पाहिजेत हे ल्युडोविटच्या डोक्यात पक्कं होतं. माझ्या जेवणाच्या टेबलाशी ज्या आजी बसायच्या, उत्तरेकडच्या ओरावा भागातल्या, शेतावर काम करून कंबर गेलेली, त्यांचे तीन आठवडे सरकारी इन्शुरन्समधून होते आणि त्या बाजूच्या टेबलावरच्या जर्मन पाहुण्यांसारख्याच त्याच चिखलात बसत होत्या. त्याची सुरुवात कुठून झाली ते मला तिथे कळलं.

आणि या माणसाचं पुढे काय झालं? विंटर ज्यू होते. दुसऱ्या महायुद्धात इथलं सरकार हिटलरच्या बाजूचं, विंटरांच्या हातून सगळं काढून घेतलं, 1944 ला सत्तरी ओलांडलेल्या ल्युडोविटला नाझींच्या तेरेझिनच्या छावणीत पाठवलं. तो जिवंत परत आला. परत आला तर स्नानगृहं सरकारजमा. तरी हा माणूस 1968 पर्यंत जगला, सत्त्याण्णव वर्षं. आज गावातला मुख्य रस्ता, दोन्ही बाजूला कॅफे आणि बाकडी असलेला, गाड्या नसलेला, त्याचं नाव विंटरोवा उलित्सा. मी रोज त्या रस्त्यावरून चालले आणि रोज एकदा तरी मनात त्याला नमस्कार केला, खरंच सांगते. ज्यांच्यासाठी एवढं केलं त्यांनीच हाकलून दिलं तर आपलं काय झालं असतं.

बरं, चिखल.

पाचव्या दिवशी रक्त पुन्हा बघितलं, आकडा उतरला होता, आणि माझ्या कार्डावर नवीन ओळ आली. तिथे प्रत्येकाला एक कार्ड देतात, त्यावर दिवस, वेळ, खोली नंबर, आणि तुम्ही ते घेऊन या दारातून त्या दारात जायचं, शाळेच्या टाइमटेबलसारखं. सकाळी आठ वीसला इर्मा, आरसा कुंड. स्लोव्हाकमध्ये झ्रकाद्लिस्को. मला वाटलं भिंतींना आरसे असतील.

बायकांचा भाग वेगळा. नर्सने हातात एक पांढरी चादर दिली आणि म्हणाली सगळं काढा. मी म्हटलं स्विमसूट आणलाय. नाही, सगळं. आणि दागिने, चांदी असेल तर नक्की काढा, गंधकाने काळी पडते. मंगळसूत्र काढून पर्समध्ये ठेवलं, बांगड्या तर केव्हाच घालणं सोडलंय. पण जोडवी निघेनात. बोटांचे सांधे सुजून तीन वर्षं झाली होती, जोडवी आत रुतल्यासारखी, मी ओढतेय, नर्स बघतेय, ती खाली बसली, साबण लावून तिनेही प्रयत्न केला, मग माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली पोमाली. पोमाली म्हणजे हळू. राहू दे, काळी होतील एवढंच.

चादर गुंडाळून आत गेले तर एक गोल खोली, वर घुमट, घुमटातून उजेड खाली पाण्यावर, आणि वाफ. पाणी करडं, इतकं स्थिर की घुमट त्यात उलटा दिसत होता, तेव्हा कळलं आरसा कुठला. वास उकडलेल्या अंड्याचा. सात आठ बायका गळ्यापर्यंत पाण्यात, सगळ्या माझ्या आईच्या वयाच्या. पायऱ्या उतरले आणि पाय तळाला टेकला तर तळ नव्हताच, चिखल होता. मऊ, लोण्यासारखा, घोट्याच्या वरपर्यंत, आणि पाण्यापेक्षा गरम. पाणी एकोणचाळीसच्या आसपास असतं. तो चिखल वाहच्या फाट्यातून काढतात आणि गरम पाण्यात महिनोन्महिने मुरवतात, लोणच्यासारखा, ताजा चालत नाही. त्या बायका खाली वाकून ओंजळीने चिखल घ्यायच्या आणि गुडघ्याला, खांद्याला, मनगटाला थापायच्या, न बोलता, आपल्याकडे उटणं लावतात तसं. मला बोटांनी नीट घेता येईना. शेजारच्या आजींनी (माझ्या टेबलावरच्याच, चादरीत ओळखल्याच नाहीत मी) माझे दोन्ही हात स्वतःच्या हातात घेतले आणि मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंत चिखल लावून दिला, एकेक बोट वेगळं करून. त्यांचीही बोटं वाकडी. आमच्या दोघींचे हात एकत्र बघितले तर कुणाचे कुठले कळत नव्हते, सगळे काळे.

मला आयुष्यभर वाटायचं की असं उघडं कुणासमोर जाणं मला जमणार नाही. पंधरा मिनिटांत मी विसरून गेले.

बाहेर आलं की खरी परीक्षा. आडवं करतात, कोरड्या चादरीत आणि वर ब्लँकेटमध्ये गुंडाळतात, हातसुद्धा आत, बाळाला दुपट्यात बांधतात तसं, फक्त नाक बाहेर, आणि वीस मिनिटं घाम येऊ द्यायचा. नाकावर खाज आली तरी काही करता येत नाही. नर्स फिरत असते, कपाळ पुसून जाते. पहिल्या दिवशी छातीत धडधडलं, मी घाबरून हाक मारली, तिने ब्लँकेट सैल केलं, पाणी पाजलं, परत तेच, पोमाली. त्यानंतर अर्धा तास पडून राहणं सक्तीचं. उठून लगेच चालायला लागलं की चक्कर येते, एक बाई पडली होती माझ्यासमोर.

बाकी कार्डावर काय काय असायचं, मनगटांना वेगळा चिखलाचा लेप, पाठीला मसाज, पाण्यातला ग्रुप व्यायाम, आणि कार्बन डायऑक्साइडची इंजेक्शनं, म्हणजे सुईने कातडीखाली गॅस सोडतात, फुगा आल्यासारखं वाटतं, चुरचुरतं आणि काही मिनिटांत विरून जातं. स्लोव्हाकियात हे सर्रास करतात. जेवणाचे हाल झाले हे कबूल करते, शाकाहारी म्हटलं की तळलेलं चीज, दुसऱ्या दिवशी परत तळलेलं चीज. तिसऱ्या आठवड्यात नवऱ्याने डब्यातून मेतकूट आणलं, त्यांच्या बटाट्याच्या सूपबरोबर काय लागलं म्हणून सांगू.

आठव्या नवव्या दिवशी सगळं एकदम वाढलं. गुडघे, मनगटं, ज्या सांध्यांनी कधी त्रास दिला नव्हता तेही. रात्री झोप नाही, सकाळी पलंगावरून उतरता येईना, मी नवऱ्याला फोन करून म्हटलं ये, घेऊन जा, पैसे बुडाले. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं, म्हणाल्या याला कुपेल्ना रेआक्त्सिया म्हणतात, म्हणजे स्नानाची प्रतिक्रिया, बऱ्याच जणांना पहिल्या दुसऱ्या आठवड्यात येते. रक्त मात्र त्यांनी त्याच दिवशी पुन्हा तपासलं, ते ठीक होतं, मग दोन दिवस उपचार निम्मे केले आणि मला बेटावर फिरायला पाठवलं. फिरायला! म्हटलं चालता येत नाहीये. म्हणाल्या बेंचेस भरपूर आहेत.

आणि खरंच आहेत. मी मोजले नाहीत पण दर वीसपंचवीस पावलांवर एक. बेटावर तळी आहेत, त्यात गरम पाणी सोडलंय म्हणून त्यांत कमळं फुलतात, ऑक्टोबरमध्ये, हवेत दहा डिग्री असताना, पाण्यावर वाफ आणि मध्ये जांभळी गुलाबी फुलं आणि परातीएवढी पानं. तिथे बसले. समोरून एक गृहस्थ दोन काठ्यांवर आले, एका बेंचवर बसले, उठले, पुढच्या बेंचवर बसले. मग एक तरुण मुलगी, पंचविशीची असेल, वॉकर घेऊन. मग एक जोडपं, तो तिला धरून चालत होता, की ती त्याला, ते समजत नव्हतं. कुणीच कुणाकडे बघत नव्हतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की इथे आल्यापासून मला एकानेही विचारलं नाही काय झालं म्हणून. पुलावर लोक हळू चालतात, दुकानदार सुटे पैसे तळहातावर ठेवतो आणि बोटं वळेपर्यंत थांबतो, कॅफेत पोरगी न विचारता बाटलीचं झाकण फिरवून सैल करून आणते. हे गाव पिढ्यान् पिढ्या दुखऱ्या माणसांबरोबर राहिलंय, त्यांची चालच तशी झालीये. मी फोन आल्याचं नाटक न करता पुलाच्या मध्यावर थांबले, कठड्याला टेकून, दुखतंय म्हणून थांबले, आणि खाली हंस बघत बसले. सहा वर्षांत पहिल्यांदा.

त्या पुलाबद्दल सांगायचं राहिलं. नुसता पूल नाही, वर छप्पर आहे, मधोमध काचेची भिंत, म्हणजे वारा ज्या बाजूने असेल त्याच्या दुसऱ्या बाजूने चालायचं, आत बाकडी, छोटी दुकानं. एमिल बेलुश या आर्किटेक्टने 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला बांधला. 1945 ला माघार घेताना जर्मनांनी उडवला, 1956 ला पुन्हा उभा केला. पुलावर लॅटिनमध्ये लिहिलंय, सालुबेरिमे पिस्तिनिएन्सेस थर्मे, आरोग्य देणारी पियेश्त्यानीची गरम पाणी, 1642 साली आदाम त्रायान नावाच्या पाद्र्याने याच नावाची कविता लिहिली होती. युद्धानंतर घरं, कारखाने, रेल्वे एवढं सगळं उभं करायचं असताना या लोकांनी आजारी माणसाला वारा लागू नये म्हणून बांधलेला पूल परत होता तसा बांधला, मला याचं फार वाटतं.

एका रविवारी, रविवारी उपचार नसतात, बागेतल्या जुन्या कुरसलोन इमारतीतल्या म्युझियममध्ये गेले. तिथे कळलं, जवळच्या मोरावानी गावात 1930 च्या दशकात शेतात एक बोटभर उंचीची बाईची मूर्ती सापडली, मॅमथच्या दातातली, बावीस हजार वर्षांहून जुनी, डोकं नाही, पोट सुटलेलं. म्हणजे या नदीच्या काठाला माणसं किती काळ येतायत बघा.

पंधराव्या दिवसापासून फरक पडायला लागला. जादू वगैरे नाही. आजार गेला नाही, जाणारही नाही, गोळी चालू आहे. पण सकाळचा कडकपणा तासावरून पंधरावीस मिनिटांवर आला आणि एक दिवस केस मी स्वतः बांधले. आजींचे तीन आठवडे माझ्या दोन दिवस आधी संपले. जाताना त्यांनी मला वेफरचा गोल पुडा दिला आणि माझा हात धरून काहीतरी लांबलचक बोलल्या, मला त्यातलं निम्मं कळलं, पुढच्या वर्षी ऑक्टोबर, हेच टेबल, एवढं नक्की कळलं.

शेवटच्या दिवशी आरसा कुंडातून बाहेर आले, पाय पुसताना उजव्या पायाचं जोडवं हलल्यासारखं वाटलं. साबण न लावता फिरवलं तर निघालं. डावंही निघालं, जरा ओढावं लागलं. कोळशासारखी काळी झाली होती दोन्ही, आणि बोटांवर जिथे ती होती तिथे पांढरा खोलगट वण. नर्सला दाखवली, तिने तळहातावर घेऊन खिडकीपाशी नेऊन बघितली आणि दुसऱ्या नर्सला हाक मारून तिलाही दाखवली.

आईला व्हिडिओ कॉलवर दाखवली तर म्हणाली चिंच लावून घास, चकचकीत होतील. परत घातलीयेत मी, आता फिरतात बोटात. घासली मात्र नाहीत अजून.